पूल खणायचा नाही, ठेवायचा

अमेरिकेतल्या नातेवाइकांचे जुलै-ऑगस्टचे फोटो बघा, कुणाच्या तरी घरामागे तो निळा गोल हौद, म्हणजे पोहायचा पूल, दिसतोच, जमिनीत खणलेला नाही, नुसता वर ठेवलेला, बाजूला शिडी. मला आधी वाटायचं हे फक्त स्वस्त पडतं म्हणून. स्वस्त आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही.

असे पूल घरोघरी येण्याआधीच त्यांचं सामान तयार होतं. 1926 मध्ये गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन या केमिस्टने पीव्हीसी हे प्लास्टिक (यालाच व्हिनाइल म्हणतात) मऊ कसं करायचं ते शोधलं, आणि तसलंच मऊ व्हिनाइल पुढे पुलाचं लायनर, म्हणजे आतलं अस्तर, झालं. बाहेरून पत्रा, आत लायनर, खाली वाळू, झाला पूल. गोल का, तर पाणी चहूबाजूंनी सारखंच ढकलतं आणि पत्र्याचं कडं तो ताण स्वतःच पेलतं, लांबट घेतला की बाजूने टेकू लावावे लागतात. ताणही थोडाथोडका नाही हां, 15 फूट व्यास आणि 4 फूट पाणी म्हणजे 20 हजार लिटर, आपल्याकडचे दोन टँकर (गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर आत्ताच सोडा).

मग महायुद्ध संपलं, सैनिक परतले, सरकारच्या हमीवर त्यांना गृहकर्ज मिळालं आणि 1947 पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनसारख्या वसाहती उठल्या, प्रत्येक घराला मागे अंगण. त्यात पोलिओची भीती, 1952 ला तर 57 हजारांवर केसेस, भर उन्हाळ्यात सार्वजनिक पूल बंद व्हायचे. लस आली 1955 ला.

आता ते कारण जे पुलाच्या जाहिरातीत कधीच नसतं. 1949 च्या जूनमध्ये सेंट लुइस शहराने फेअरग्राउंड पार्कचा पूल काळ्या लोकांना खुला केला तर पहिल्याच दिवशी गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण केली. मिसिसिपीतल्या जॅक्सनने तर काळ्यांना आत घ्यायला लागू नये म्हणून शहराचे पूलच बंद करून टाकले, आणि 1971 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 असं ते चालवूनही घेतलं. हे वाचताना महाडचं चवदार तळं आठवल्याशिवाय राहत नाही, 1927 ला बाबासाहेबांनी तिथे पाणी प्यायल्यावर सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केलं होतं ना, तेच डोकं. तर ज्या गोऱ्यांना परवडलं ते क्लबात नाहीतर आपापल्या अंगणातल्या पाण्यात गेले, आणि लेव्हिटटाउनमध्ये सुरुवातीला घर मिळायचंच फक्त गोऱ्यांना.

पुढची कथा छोटी आहे. इंटेक्स आणि शांघायची बेस्टवे या कंपन्यांनी पत्राही काढून टाकला, वरच्या कडेला हवेची रिंग, पाणी भरेल तशी भिंत आपोआप उभी राहते, फक्त जमीन सपाट हवी नाहीतर एका बाजूने सगळं पाणी शेजाऱ्याकडे. 2020 ला कोविडमध्ये सार्वजनिक पूल पुन्हा बंद झाले तेव्हा असले पूल दुकानात मिळेनात, मग काहींनी गुरांना पाणी पाजायचे पत्र्याचे हौद आणले आणि त्यातच बसले.