दाब होता, तेल नव्हतं

भाच्याने मे महिन्यात गाडीला ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचं तेल थंड करणारी जाळी, बसवून घेतला आणि डिसेंबरात इंजिनाचं काम निघालं. पहाटे सहाला सदाशिव पेठेतून वाईला निघाला होता. कात्रजच्या बोगद्यापाशी इंजिनातून टकटक सुरू झाली आणि गाडी टो करून परत आणावी लागली. उघडल्यावर दिसलं, बिग एंडचं, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतात तिथलं, बेअरिंग जागेवरून फिरलेलं, क्रँकवर (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्यावर) चरे. "मामा, ऑइलचा दिवा लागलाच नव्हता," हे तो मला चार वेळा म्हणाला. तो खरंच बोलत होता.

घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी लगेच निदान केलं, गाडीला नजर लागली, शनिवारी लिंबू-मिरची बांधायला हवी होती. मला अशा बोलण्याचा राग येतो, कारण ते खऱ्या कारणाचा शोधच थांबवतं. इंजिन दुरुस्त झालं असतं, वर लिंबू लटकलं असतं आणि पुढच्या थंडीत तेच बेअरिंग पुन्हा गेलं असतं. कारण होतं, आणि ते ८ मिलिमीटर व्यासाचं होतं.

पण त्याआधी बेअरिंगमध्ये काय घडतं ते सांगतो. इंजिनातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच आहे. बहुतेकांची समजूत अशी की ऑइल पंप दाबाने तेल पाठवतो आणि त्या दाबावर क्रँक उचलून धरली जाते. तसं नाही. पंपाचा दाब असतो चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलो. पिस्टनवर स्फोट झाला की क्रँकवर जो भार येतो, त्यापुढे हे तीन-चार किलो म्हणजे काहीच नाही.

१८८३ साली इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला म्हणून त्याने बेअरिंगला वरून एक भोक पाडलं. आस फिरायला लागल्यावर त्या भोकातून तेल खाली जाण्याऐवजी वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते बाहेर आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी तिथे दाबमापक लावला तर आत भाराच्या सरासरी दाबाच्या दुपटीहून जास्त दाब निघाला. आणि तिथे पंप नव्हताच! आस खालच्या बाजूने नुसती तेलात बुडलेली होती.

तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. क्रँकचा गोल भाग बेअरिंगमध्ये किंचित सैल असतो, मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका. भार आला की तो एका बाजूला सरकतो, त्यामुळे भोवतालची फट सगळीकडे सारखी राहत नाही. एकीकडे रुंद, पुढे निमुळती होत जाते, पाचरीसारखी. तेल फिरत्या धातूला चिकटतं आणि त्याच्याबरोबर त्या निमुळत्या भागात ओढलं जातं. पुढे जागा कमी, मागून तेल येतंच आहे आणि तेल सहजी दाबलं जात नाही. मग दाब चढतो, इंजिनात तो वातावरणाच्या शेकडो पट होतो, आणि क्रँक तेलावर तरंगायला लागते. पावसात साचलेल्या पाण्यावरून भरधाव गेलेली गाडी रस्ता सोडून पाण्यावर घसरते, तो याच्याच जवळचा प्रकार. सगळ्यात अरुंद जागी तेलाचा थर उरतो काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे केसाहून कितीतरी पातळ थर तुमच्या गाडीचा सगळा जोर पेलतो, आणि तो दाब क्रँक स्वतःच फिरून तयार करते.

मग पंप कशाला? या पाचरीत दाबलेलं तेल बेअरिंगच्या दोन्ही कडांनी सतत बाहेर निसटत असतं. जितकं निसटतं तितकं पुन्हा भरायचं, बाहेर पडणाऱ्या तेलाबरोबर उष्णता न्यायची, एवढं पंपाचं काम. तो पाणक्या आहे, पैलवान नाही. म्हणून बेअरिंगला विचारायचा प्रश्न दाब किती हा नसून तेल किती पोचतं हा आहे.

आता कूलर. तो या पाणक्याच्या वाटेतच बसतो. ऑइल फिल्टर काढून ब्लॉक आणि फिल्टरच्या मध्ये एक चकती घालतात, तिला सँडविच प्लेट म्हणतात. पंपाकडून आलेलं तेल तिच्यातून होजने (रबरी नळीने) कूलरला जातं, परत येतं, फिल्टरमधून गाळून गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेत, आणि मग बेअरिंगला. नळीतून दाट द्रव किती वाहतो याचा नियम १८४०च्या सुमारास प्वाझय या फ्रेंच डॉक्टरने काढला, रक्तवाहिन्यांचा विचार करताना. नळीचा व्यास निम्मा केला की अडथळा दुप्पट किंवा चौपट होत नाही, १६ पट होतो. त्यात तेलाच्या दाटपणाचा गुणाकार. २०-डब्ल्यू-५० या दर्जाचं दाटसर इंजिन ऑइल १० अंशांना, म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटे, १०० अंशांपेक्षा पन्नास-साठ पट दाट असतं. भाच्याच्या गाडीला १६ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटर आतल्या व्यासाची होज लावली होती. सोळा गुणिले पंचावन्न करून पाहा. रुंद नळी आणि तापलेलं तेल यांच्या तुलनेत अडथळा आठशे-नऊशे पट झाला.

पंप गिअरचा असतो, प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं तेल ढकलतोच. पुढे वाट नसेल तर दाब वाढतो, साधारण चार-पाच किलोवर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, जातं. पंपापाशी दाब उत्तम, बेअरिंगपाशी जेमतेम ओल. आणि दिव्याचा स्विच कुठे होता? गॅरेजवाल्याने तो सोयीसाठी सँडविच प्लेटवर, कूलरच्या अलीकडे हलवला होता. मेमध्ये तेल पातळ होतं म्हणून सगळं निभावलं. थंडीत रोज सकाळी बेअरिंग थोडं थोडं खरवडलं जात होतं.

कूलर ही वाईट वस्तू नाही. पुण्याच्या बजाजच्या पल्सर २२०ला तो कंपनीतूनच येतो, पण तिथे पंप, वाटा आणि कूलर एकमेकांचा विचार करून बसवलेले असतात. आपण बाहेरून लावताना आधी तेलाचं तापमान मोजावं. डॅशबोर्डवरचा काटा इंजिनाच्या पाण्याचं तापमान दाखवतो, तेलाचं नाही. घाटातही ते ११० अंशांच्या आत राहत असेल तर कूलर नकोच. इंजिन जितकं थंड तितकं बरं, ही समजूतही चूक आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक धुराबरोबर जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांपासून निसटून तेलात उतरतं. तेल नीट तापलं नाही तर ते तिथेच राहतं आणि झाकणाखाली पांढरट साय धरते.

लावायचाच असेल तर थर्मोस्टॅटची प्लेट घ्यावी. ती ८०-८५ अंशांपर्यंत तेल आखूड वाटेने बेअरिंगकडे सोडते, कूलरमधून फक्त थोडी धार चालू ठेवते. होज रुंद आणि आखूड, वळणं कमी. जोडांना प्लंबरची टेफ्लॉन टेप नको, तिचे धागे सुटून आत जातात. दुसऱ्या इंजिनाचा वापरलेला कूलर तर मुळीच नको. फुटलेल्या बेअरिंगचा चुरा त्याच्या नळ्यांत बसलेला असतो, आणि थंड दाट तेलाने फिल्टरचा बायपास, म्हणजे तेल न गाळता पुढे सोडणारी झडप, उघडला की तो थेट क्रँकवर जातो. कूलरची तोंडं वर ठेवावीत, म्हणजे हवा निघून जाते आणि गाडी उभी असताना तेल उतरत नाही.

परवा भाच्याच्या गाडीला पुन्हा कूलर बसवला, नवा, आणि या वेळी मी शेजारी उभा होतो. आधी कूलर आणि होज हाताने तेलाने भरल्या. कोरड्या राहिल्या असत्या तर पहिले काही सेकंद पंपाने त्याच भरल्या असत्या आणि तेवढा वेळ बेअरिंगला हवा मिळाली असती. दाबमापक गॅलरीवर, कूलर आणि फिल्टरच्या पलीकडे लावला. स्पार्क प्लग काढले, इग्निशन आणि फ्युएल पंपाचे फ्यूज काढले, म्हणजे इंजिन चालू न होता नुसतं फिरेल. भाच्याने दहा सेकंद स्टार्टर मारला, काटा हलला नाही. थोडं थांबून पुन्हा मारला. तिसऱ्या वेळी काटा थरथरला आणि हळूहळू एक किलोच्या वर गेला. मग प्लग परत लावले, दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद केलं, डिपस्टिक पाहिली आणि कमी झालेलं तेल वरून घातलं.