एमडीआर टीबी म्हणजे दोन वर्षं सुया?

‘एमडीआर टीबी निघाला? मग दोन वर्षं गेली, रोज सुई ती वेगळीच.’ एमडीआर, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीबद्दल हे वाक्य अजूनही ऐकू येतं. एकेकाळी ते खरंच होतं. उपचार 18 ते 24 महिने चालत, त्यातले निदान सहा महिने इंजेक्शनं. कानामायसिनसारख्या औषधांनी काहींचे कान कायमचे गेले.

2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बीपाल-एम ही पद्धत सुचवली: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. सगळ्या गोळ्या, सुई नाही, सहा महिने. अर्थात सरसकट सगळ्यांना नाही. गरोदर स्त्रिया, 14 वर्षांखालची मुलं, मेंदूचा किंवा हाडांचा टीबी यांचा हिशेब वेगळा. काहींना नऊ, काहींना अठरा महिनेही लागतात.

सहा महिने सोपे असतात असंही नाही. लिनेझोलिडमुळे पायांना मुंग्या येतात, रक्त कमी होतं, क्वचित नजर अधू होते. असं काही जाणवलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत. कारण बेडाक्विलिन शरीरात कित्येक महिने रेंगाळतं. बाकीची औषधं थांबली की ते एकटंच उरतं आणि जंतू त्यालाही सरावतात.