पिट्युटरीची हट्टी गाठ : उपचार कसकसे बदलत गेले

जळगाव-धुळ्यात एमआरआय झाला आणि पिट्युटरीवर, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीवर, गाठ निघाली, की घरचे पहिल्यांदा एवढंच विचारतात, ‘कॅन्सर तं नही ना?’ डॉक्टर ‘नाही’ म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. वाटाण्याएवढ्या या ग्रंथीवरच्या बहुसंख्य गाठी ऑपरेशनने किंवा औषधाने आटोक्यात येतात. प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन) वाढवणाऱ्या गाठीला तर ब्रोमोक्रिप्टीन आणि पुढे कॅबरगोलीन ही औषधं आल्यापासून सहसा ऑपरेशन लागतच नाही. हे टिपण उरलेल्या थोड्यांबद्दल आहे. त्यांची गाठ काढली तरी वाढते, शेक (रेडिएशन) दिला तरी वाढते.

नाकावाटे ग्रंथीपर्यंत जायची वाट १९०७ साली इन्सब्रुकमध्ये हर्मन श्लोफर यांनी उघडली. अमेरिकेत नामवंत मेंदूसर्जन हार्वे कुशिंग यांनी १९१० ते १९२५ या काळात २३१ ऑपरेशनं त्या वाटेने केली आणि मग ती सोडून कवटी उघडण्याकडे वळले. कुशिंगनीच सोडली म्हटल्यावर इतरांनीही सोडली. एडिंबरात नॉर्मन डॉट यांनी ती चालू ठेवली, त्यांच्याकडून पॅरिसच्या गियो यांनी उचलली, आणि त्यांचे शिष्य ज्यूल हार्डी यांनी १९६०च्या दशकात माँट्रियलला तिला मायक्रोस्कोपची जोड दिली. आजचं दुर्बिणीचं ऑपरेशन याच परंपरेतलं. तरी गाठ बाजूच्या कॅव्हर्नस सायनस नावाच्या रक्ताच्या पोकळीत शिरली, तर तिथल्या मोठ्या रक्तवाहिनीमुळे आणि डोळ्यांच्या नसांमुळे कसलेल्या सर्जनलाही तुकडा मागे ठेवावा लागतो.

गाठ पुढे कशी वागेल हे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीवरून ओळखायची खटपट बरीच झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये ‘अटिपिकल’ (नेहमीपेक्षा वेगळ्या) असा गट केला, केआय-६७ हा पेशी किती वेगाने वाढताहेत ते सांगणारा निर्देशांक ३ टक्क्यांच्या वर असणं ही त्याची एक खूण. त्यावरून भाकीत जमेना, म्हणून २०१७ मध्ये तो गट रद्द झाला. २०१८च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी वर्तन पाहिलं: आजूबाजूला घुसलेली आणि नेहमीपेक्षा झपाट्याने वाढणारी, किंवा सगळे रूढ उपचार करूनही वाढत राहणारी, ती आक्रमक. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. दूरवर पसरलेल्या, म्हणजे कार्सिनोमा म्हटल्या जाणाऱ्या, गाठी तर हजारात दोनेकच.

अशा रुग्णांपुढे पूर्वी फारसं काही नव्हतं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्सिनोमाच्या १५ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश वर्षभरात दगावले होते. फरक पाडला तो ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरसाठीच्या टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाने. पिट्युटरीत ते लागू पडल्याचे पहिले अहवाल २००६चे. हे औषध पेशीच्या डीएनएवर घाव घालतं. एमजीएमटी नावाचं प्रथिन तो घाव बुजवतं. म्हणून गाठीत एमजीएमटी कमी असेल तर औषध चालण्याची शक्यता जास्त. २०१८च्या युरोपीय पाहणीत ते पहिल्यांदा घेतलेल्यांपैकी ६ टक्क्यांची गाठ पूर्ण गेली, ३१ टक्क्यांची लहान झाली, ३३ टक्क्यांची होती तेवढीच राहिली. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा रुग्णांना उपयोग नाही. फायदा झालेल्यांतही काहींची गाठ औषध थांबल्यावर पुन्हा डोकं वर काढते. तिथे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती गाठीविरुद्ध जागवणाऱ्या औषधांचे, प्रयोग सुरू आहेत. काहींना गुण आला, पण अजून थोड्यांनाच, आणि खर्च सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा.

टेमोझोलोमाइड कॅप्सूल आहे: अठ्ठावीस दिवसांचं एक चक्र, त्यातले पहिले पाच दिवस घ्यायची. चोपडा-शहाद्यात घरी राहून घेता येते, रक्तातल्या पेशींची तपासणीही जवळच होते. अडचण येते ती कागदांची. नंदुरबार-नवापूरचा रुग्ण सुरतेला दाखवतो, जळगावचा मुंबईला, मधेच कुणी नाशिकला, आणि प्रत्येक ठिकाणी फाइल नवी. तीन चक्रांनंतर गुण आला का हे ठरवताना डॉक्टरांना उपचार सुरू होण्याआधीच्या एमआरआयची सीडी लागते; रिपोर्टच्या कागदावरून ती तुलना होत नाही.