जलमार्गावरील वाटेचे नियम

समुद्रात, बंदरात, खाडीत किंवा नदीत दोन नौका एकमेकींच्या वाटेत आल्या तर कोणी वळायचे आणि कोणी सरळ जायचे, हे ठरवणारे कायदे व त्यांच्या जोडीने चालत आलेले दर्यावर्दी रिवाज. या कायद्यांचा जगभरचा आधार म्हणजे 1972 मध्ये ठरलेले आणि 15 जुलै 1977 पासून लागू झालेले आंतरराष्ट्रीय टक्कर प्रतिबंधक नियम. मोठे तेलवाहू जहाज असो वा मासेमारीची होडी, खुल्या समुद्रावर आणि त्याला जोडलेल्या नौकानयनयोग्य पाण्यात ते सर्वांना सारखेच बंधनकारक आहेत. बंदराच्या आत मात्र स्थानिक प्राधिकरण आपले वेगळे नियम घालू शकते.

पाण्यात गाडीसारखा ब्रेक लागत नाही, हे या साऱ्या नियमांचे मूळ. भरलेले मोठे तेलवाहू जहाज इंजिन उलटे फिरवले तरी काही किलोमीटर पुढे जाऊनच थांबते. त्यामुळे कोण काय करणार हे दोन्ही सुकाणूंवर, न बोलता, आधीपासून ठाऊक असावे लागते. शिडाच्या काळात हे काम रिवाजावर भागत असे. वाऱ्याची पर्वा न करता कुठूनही येणारी वाफेची जहाजे आली आणि लेखी नियमांची गरज पडली. लंडनच्या ट्रिनिटी हाउस या दीपगृहे सांभाळणाऱ्या संस्थेने 1840 मध्ये वाफेच्या जहाजांसाठी नियम घालून दिले, 1863 मध्ये ब्रिटन व फ्रान्सने समान नियम स्वीकारले आणि 1889 च्या वॉशिंग्टन परिषदेत अनेक देश एकत्र बसले.

हे नियम कोणत्याही नौकेला निर्विवाद हक्क देत नाहीत. दोघींनाही कर्तव्य देतात. बोलताना सर्रास ‘त्याचा हक्क होता’ असे म्हटले जाते आणि अनेक अपघातांची सुरुवात याच समजुतीतून होते. एका नौकेने वाट द्यायची. ती लवकर द्यायची आणि समोरच्याला स्पष्ट दिसेल एवढे मोठे वळण घेऊन द्यायची. दुसरीने आपली दिशा व वेग कायम ठेवायचा, म्हणजे पहिलीचा अंदाज चुकणार नाही. पण वाट देणारी हलतच नाही असे दिसले, तर दुसरीला स्वतःहून बाजूला होण्याची मुभा आहे. आणि आता वाट देणारीच्या एकटीच्या वळण्याने टक्कर टळणार नाही अशी वेळ आली, तर तिनेही हालचाल करणे सक्तीचे आहे. आपली वाट बरोबर होती म्हणून धडक बसू दिली, असे कोणत्याही चौकशीत सांगता येत नाही.

प्रसंग मुख्यतः तीन. इंजिनावर चालणाऱ्या दोन नौका समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळायचे, म्हणजे त्या एकमेकींच्या डाव्या कुशीवरून जातात. मागून येऊन पुढे जाणारीने, ती शिडाची असो वा इंजिनाची, पुढचीपासून दूर राहायचे आणि पूर्ण पुढे निघून जाईपर्यंत ही जबाबदारी सोडायची नाही. वाटा आडव्या छेदत असतील तर जिला दुसरी आपल्या उजव्या हाताला दिसते, तिने वाट द्यायची, आणि शक्यतो तिच्या नाळेसमोरून, म्हणजे पुढच्या टोकासमोरून, नव्हे, पाठीमागून जायचे. रात्री हेच काम दिवे करतात. नौकेच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो. आडव्या वाटेने येणाऱ्या नौकेचा लाल दिवा दिसला तर वाट आपण द्यायची. हिरवा दिसला तर आपण कायम राहायचे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ती सरळ आपल्यावरच येत आहे.

टक्कर होणार की नाही हे ओळखण्याची रीत साधी आहे आणि प्रत्येक तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला, ती अंगवळणी असते. आपली दिशा न बदलता दुसरी नौका होकायंत्रावर कोणत्या अंशावर दिसते ते पाहायचे. होकायंत्र नसेल तर केबिनच्या खांबाशी तिची रेघ जुळवायची. थोड्या वेळाने ती खांबाच्या पुढे किंवा मागे सरकली असेल, तर सहसा निभावते. ती त्याच रेघेवर राहून नुसती मोठी होत असेल, तर टक्कर ठरलेली आहे. फार मोठे जहाज जवळ असेल तर रेघ सरकत असूनही धोका उरतो, हेही नियमांत नोंदवलेले आहे.

नौकांमध्ये क्रमही आहे. इंजिनाच्या नौकेने शिडाच्या नौकेला, शिडाच्या नौकेने मासेमारी करत असलेल्या नौकेला, आणि या सर्वांनी ताबा सुटलेल्या किंवा कामामुळे हालचाल मर्यादित झालेल्या नौकेला वाट द्यायची. मासेमारी म्हणजे हालचाल अडवणारी जाळी प्रत्यक्ष पाण्यात असणे. जाळे आत घेऊन बंदराकडे परतणारी होडी ही नियमाच्या दृष्टीने साधी इंजिनाची नौका.

अरुंद मार्गात हा क्रम जवळजवळ उलटतो आणि मुंबई बंदरात रोजचा ताण इथेच जाणवतो. अशा मार्गात प्रत्येकाने शक्य तितके आपल्या उजव्या काठाने जायचे असते. 20 मीटरपेक्षा लहान नौका, शिडाची नौका आणि मासेमारीची नौका यांनी, ज्या जहाजाला खोल पाण्याबाहेर पडताच येत नाही त्याचा मार्ग अडवायचा नसतो. न्हावाशेवाला जाणारी कंटेनर जहाजे, जवाहर द्वीपाच्या तेलधक्क्याला लागणारी टँकर, नौदलाच्या नौका, ससून डॉक व भाऊच्या धक्क्याकडे परतणाऱ्या मच्छीमार बोटी या सर्वांना गाळ उपसून खोल केलेला तोच मार्ग लागतो, आणि गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच तो आडवा ओलांडते. समुद्रातून आत येताना मार्ग दाखवणारे लाल बोये (तरंगते खुणेचे पिंप) डाव्या हाताला व हिरवे उजव्या हाताला ठेवायचे, ही आपल्याकडची पद्धत. अमेरिकेत ती नेमकी उलट आहे. मोठ्या जहाजाच्या नाळेपुढे पाण्याचा एक पट्टा त्याच्या सुकाणूकक्षातून दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार हा आंधळा पट्टा जहाजाच्या दोन लांब्या किंवा 500 मीटर, यांतील कमी असेल त्याहून जास्त नसावा. म्हणजे कायदा पाळूनही काहीशे मीटर पाणी कप्तानाला अदृश्य राहू शकते. होडीतल्या माणसाला जहाज डोंगराएवढे दिसते. जहाजावरच्याला होडी दिसेलच असे नाही. कोळ्यांची डोल जाळी (एका जागी रोवून ठेवलेली पिशवीसारखी जाळी) मार्गात अडकण्याचा जुना वाद याच पाण्यातला. जाळ्याच्या जागा पिढीजात आहेत आणि जहाजांचा मार्ग खोलीने बांधलेला आहे. केवळ नियमावर बोट ठेवून तो सुटण्यासारखा नाही.

भोंग्याची भाषा थोडकी आहे: एक छोटा आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतो, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन मागे चालवतो. पाच किंवा अधिक झटपट आवाज म्हणजे तुमचा इरादा कळत नाही, शंका आहे. हा शेवटचा संकेत द्यायला संकोच करू नये.

कायद्यात न मावणारा भाग शिष्टाचाराचा. नांगरलेल्या होड्यांजवळून आणि धक्क्याजवळून वेग कमी करून जावे, कारण पाठीमागे उठणाऱ्या लाटेने धक्क्यावर पाय टाकणारा प्रवासी बोट आणि दगड यांच्यामध्ये सापडू शकतो. शोधदिवा दुसऱ्याच्या सुकाणूवर मारू नये. व्हीएचएफ या नौकांवरच्या रेडिओचे 16 क्रमांकाचे चॅनेल गप्पांनी अडवू नये. संकटाची हाक तिथेच येते.

मुंबई बंदराने दोन वेळा मोठी किंमत मोजली. 7 ऑगस्ट 2010 रोजी बाहेर पडणारे एमएससी चित्रा आणि आत येणारे खलिजिया-3 या जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, कंटेनर समुद्रात पडले, तेल सांडले आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून आदळली. 15 जणांचे प्राण गेले. नीलकमलवर क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. वाट कोणाची हा प्रश्न तिथे उरलाच नाही. प्रवासी बोटींच्या वर्दळीत वेगाची चाचणी का आणि जीवरक्षक जाकिटे अंगावर का नव्हती, हे प्रश्न उरले.

भारतात हे नियम व्यापारी नौवहन कायद्याखाली 1975 च्या विनियमांनी लागू झाले. नद्या व अंतर्गत जलमार्गांसाठी 1917 चा जुना कायदा बाजूला सारून 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा आला. महाराष्ट्रातील लहान बंदरे व तेथील प्रवासी जलवाहतूक 1996 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येते.