सहा वर्षांचे पाय आणि पावणेदोन किलोमीटर

भावाच्या गावातली मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद झाली आणि पहिलीतल्या माझ्या भाच्याची शाळा एकदम पावणेदोन किलोमीटरवर गेली. गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. वाट आधी कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, पाणंदीची, मग व्हाळावरचा (ओढ्यावरचा) साकव, शेताचा बांध आणि शेवटी हमरस्ता. "चालत पाठवूया काय गे याला?" भावाने विचारलं. बाबा लगेच म्हणाले, "आम्ही नाही गेलो डोंगर उतरून?" गेले खरे, पण त्यांच्या वर्गातल्या कितीजणांनी तो डोंगर मधेच सोडून दिला, ते या गोष्टीत कधी येत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नमुना नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा चालत 1 किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलंय. पण किलोमीटर मोजून माझं समाधान होईना, म्हणून शिवणाची टेप घेतली. खुब्यापासून जमिनीपर्यंत भाच्याचा पाय 52 सेंटिमीटर, माझा 85.

चालताना आपला पाय उलट्या लंबकासारखा वागतो. पाऊल जमिनीवर टेकलेलं असतं आणि शरीर त्याच्यावरून कमान करत पुढे जातं. वेग फार वाढला की ही कमान सांभाळणं जड जातं आणि आपण नकळत धावायला लागतो. तो वेग कुठला, हे 19व्या शतकातले इंग्रज जहाज-अभियंते विल्यम फ्रूड यांच्या नावाच्या आकड्यावरून काढता येतं. फ्रूड यांचा विचार जहाजांचा होता. प्राण्यांच्या पायांना तो पुढे लागू झाला. वेगाच्या वर्गाला पायाची लांबी आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागायचं. उत्तर 0.5 च्या आसपास आलं की चालणं संपतं. माझ्यासाठी हा वेग ताशी 7.3 किलोमीटर निघाला, भाच्यासाठी 5.7. म्हणजे घंटा व्हायच्या भीतीने मी ताशी 6 च्या वेगाने निघाले तर मी चालत असते आणि माझं बोट धरलेलं पोर धावत असतं. वर "हा लवकर दमतो" म्हणून मोकळे आपणच.

सहज चालण्याचा वेगही पायाच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होतो. मी ताशी 5 ने चालते, तर त्याचा हिशेब 3.9 वर येतो. माझी 21 मिनिटं, त्याची 27, आणि पावलं सुमारे 3,900. हे झालं कागदावर. जूनमधल्या एका रविवारी त्याला पुढे घालून मी मागून चालले, तेव्हा 44 मिनिटं लागली. साकवाखाली कुर्ल्या होत्या. बांधावर मृगाचा लाल मखमली किडा होता, तो तळहातावर घेऊन झाला.

ही मिनिटं वाया गेली असं मी म्हणणार नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज 40 मिनिटं जादा बाहेर नेण्याचा प्रयोग झाला. 2015 साली निकाल आला: 3 वर्षांत त्या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना लघुदृष्टी आली, इतर मुलांत 39.5 टक्क्यांना. जागतिक आरोग्य संघटना 5 वर्षांपुढच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते दमदार हालचाल सांगते. त्यातला काही वाटा इथेच भरून निघतो. दप्तर मात्र आड येतं. 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार त्याचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. भाचा 20 किलोचा, म्हणजे मुभा 2 किलोची, आणि लिटरभर पाण्याची बाटलीच त्यातला अर्धा भाग खाते. बाटली अर्धी भरून द्यायची, शाळेत नळ आहे.

खरी अडचण शेवटच्या 200 मीटरची.

समोरून येणारी गाडी डोळ्यांत किती झपाट्याने मोठी होते, यावरून आपण तिचा वेग ओळखतो. आता गंमत पाहा. 5 सेकंदांत पोचणारी गाडी ताशी 30 ने येत असेल तर ती 42 मीटरवर असते, 60 ने असेल तर 83 मीटरवर. म्हणजे जास्त वेगाची गाडी लांब असल्यामुळे त्या क्षणी सावकाश मोठी होताना दिसते! अरुंद स्कूटर तर आणखीच सावकाश, आणि भाड्याच्या स्कूटरी आता आमच्या गावापर्यंत येतात. लंडनच्या रॉयल हॉलोवेतल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी साधारण 32 किलोमीटरपुढच्या गाडीचं हे मोठं होणं भरवशाने टिपता येत नाही. शिस्तीचा प्रश्नच नाही. "दोन्हीकडे बघ" सांगितलं तर मूल बघतं, पण दिसत नाही. त्यात 7 मीटरचा रस्ता भाच्याच्या चालीने ओलांडायला साडेसहा सेकंद लागतात. पावसात छत्री पुढे झुकवली की उरलंसुरलंही झाकलं जातं, म्हणून टोपीचा रेनकोट बरा.

तेव्हा पाणंद, साकव, बांध चालेल. पण व्हाळ फुगला की त्या दिवशी स्कूटर, यावर वाद नको. रस्ता मात्र मोठ्या माणसाचा हात धरूनच, निदान आणखी काही वर्षं. दुपारी एकच्या उन्हात परत चालायचं नाही, हे मी हट्टाने ठरवून घेतलं. किलोमागे लहान मुलाच्या अंगाचा पृष्ठभाग आपल्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे कडक उन्हात बाहेरची उष्णताही ते जास्त घेतं.

सकाळी सोडायला कोण, यावर घरात चर्चा झाली. भाऊ झपाझप चालतो, तो बाद. वहिनीची बस साडेसातची. शेवटी बाबाच निघाले. त्यांचे गुडघे गेल्या वर्षापासून कुरकुरतात. एकदा मी घड्याळ लावून दोघांच्या मागून गेले: ताशी 3.8.