बरोबर यायचं की पैज जिंकायची?

अमेरिकेतल्या कॉलेज संघांची बास्केटबॉल स्पर्धा मार्चच्या मध्यावर सुरू होते. तिकडे भर दुपारी सुरू झालेला सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला दिसतो आणि दिवसातला शेवटचा सामना संपेपर्यंत सांगलीत सकाळचे नऊ वाजून गेलेले असतात. विश्रामबागेत सकाळी खेळून चहाला टेकणाऱ्या मंडळींना हे वेळापत्रक अगदी सोयीचं. कुणाचा भाचा, कुणाची पुतणी तिकडे शिकायला असते. तिकडून कोरा तक्ता येतो, ज्याला सगळे ब्रॅकेट म्हणतात. प्रत्येक जण आपापला भरतो, आणि ज्याचे गुण सर्वात कमी त्याने सगळ्यांना मिसळ द्यायची असं ठरतं. मग कुणीतरी टेबलावर थाप मारून म्हणतो, “यंदा उलटफेर होणार बघ गड्या, लिहून घे.”

त्याच टेबलावर, त्याच आवाजात, हळदीच्या सौद्यात राजापुरीला काय दर निघेल, यंदा पाऊस कसा, निवडणुकीत कोण पडणार, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढली तर सांगलीचं काय, यावरही भविष्यं वर्तवली जातात. ती मात्र कुणी लिहून घेत नाही. अंदाजांचं विज्ञान ज्यांनी अभ्यासलं त्यांच्या दृष्टीने या दोन गप्पांत एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

आधी तक्ता. स्पर्धेत ६८ संघ असतात. सुरुवातीच्या चार सामन्यांत चार गळतात आणि ६४ उरतात. त्यांचे चार विभाग, प्रत्येक विभागात १ ते १६ असं मानांकन, पहिला सर्वात बलाढ्य. पहिल्या फेरीत पहिल्याची गाठ सोळाव्याशी, पाचव्याची बाराव्याशी, आठव्याची नवव्याशी. एकदा हरला की संघ घरी. प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो आणि शेवटी एकच उरायचा, म्हणून सामने ६३. प्रत्येक सामन्याचे निकाल दोनच शक्य, तेव्हा तक्ता भरण्याच्या रीती होतात २ चा ६३ वा घात, म्हणजे १९ अंकी संख्या. भास्कराचार्यांनी दिलेल्या संख्यानामांत परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. ही संख्या ९२ परार्धांच्याही थोडी वर जाते. दर सेकंदाला एक तक्ता भरत बसलं तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या वीसपटीहून जास्त काळ लागेल.

अर्थात डोळे मिटून कुणी भरत नाही. समजा तुम्ही इतके जाणकार आहात, की प्रत्येक सामन्यात बरोबर येण्याची शक्यता ७० टक्के आहे. तरी सगळे ६३ बरोबर येण्याची शक्यता साधारण पावणेसहाशे कोटींत एक. २०१४ साली वॉरन बफे यांच्या कंपनीचं पाठबळ घेऊन अमेरिकेतल्या एका कर्जकंपनीने अचूक तक्त्याला १ अब्ज डॉलर जाहीर केले होते. बफे यांची त्यापायी झोप उडाली असेल असं वाटत नाही. २०१९ मध्ये ओहायोतल्या एका गृहस्थाचे पहिले ४९ सामने बरोबर आले. इतकी लांब मजल त्याआधी कुणाचीही नोंदली गेली नव्हती. पन्नासाव्या सामन्यात, जादा वेळेत, पर्ड्यूने टेनेसीला हरवलं आणि साखळी तुटली.

चांगला संघ हरतो कसा, याचं उत्तर संधींच्या संख्येत आहे. ४० मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक संघाकडे चेंडू साधारण ७० वेळा येतो. त्यात तीन गुणांचे चार-पाच फेक जास्त पडले किंवा कमी पडले, की ताकदीतला सगळा फरक धुऊन निघतो. एनबीए या तिथल्या व्यावसायिक संघांच्या लीगमध्ये बाद फेरीत सात सामन्यांची मालिका असते. एका सामन्यात जिंकण्याची शक्यता ७० टक्के असणारा संघ अशी मालिका ८७ टक्के वेळा जिंकतो. एकाच सामन्यावर सगळं सोडलं की नशिबाला जागा मिळते. तरी तीही मर्यादेत. १९८५ पासून स्पर्धा ६४ संघांच्या चौकटीत खेळली जाते. तेव्हापासून २०२५ पर्यंत पहिला विरुद्ध सोळावा असे १६० सामने झाले आणि सोळावा दोनदाच जिंकला. २०१८ मध्ये मेरीलँडच्या बाल्टिमोर काउंटी विद्यापीठाने व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं, आणि २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला.

खरी गंमत पाचव्या-बाराव्यात आहे. इथे बारावा संघ साधारण तीनातून एकदा जिंकतो. हे टेबलावरच्या सगळ्यांना पाठ असतं. म्हणून चार विभागांतल्या चार सामन्यांपैकी एकात तरी प्रत्येक जण बाराव्यावर खूण करतो. ‘एक तरी उलटफेर होतोच ना?’ होतो. पण कुठला?

हिशोब करू. चारही सामन्यांत पाचव्यालाच निवडलं तर सरासरी २.६७ उत्तरं बरोबर येतील. तीन पाचवे आणि एक बारावा निवडला, आणि तो बारावा निवडण्यामागे खास माहिती नसेल, तर सरासरी येते २.३३. म्हणजे ‘उलटफेर होतो’ हे ज्ञान खरं असूनही वापरायला गेलं की तोटाच करतं. मानसशास्त्रात याचा अभ्यास फार जुना आहे. प्रयोगशाळेत दोन दिव्यांपैकी एक ७० टक्के वेळा आणि दुसरा ३० टक्के वेळा लागतो, पुढचा कुठला ते सांगा, असं विचारलं की बरेच जण आपली उत्तरंही ७०-३० वाटून देतात आणि ५८ टक्क्यांवर अडकतात. कायम पहिलाच दिवा सांगणारा आळशी माणूस ७० टक्के मिळवतो. शॉन मॅक्रे आणि एडवर्ड हर्ट यांनी २००९ साली हेच या स्पर्धेच्या तक्त्यांत दाखवलं. उलटफेर किती होतात याचा लोकांना बरा अंदाज असतो, आणि तेवढे उलटफेर आपल्या तक्त्यात बसवायच्या नादात ते निव्वळ मानांकनावर भरलेल्या तक्त्याच्या मागे पडतात.

मग टेबलावरचा तो थाप मारणारा वेडा का? नाही. त्याला बरोबर यायचं नाहीच मुळी, त्याला पैज जिंकायची आहे. दोन्ही एकच वाटतं, पण गुण कसे देतात ते बघा. प्रचलित पद्धतीत पहिल्या फेरीतल्या बरोबर उत्तराला १० गुण, दुसऱ्या फेरीत २०, मग ४०, ८०, १६०, आणि अंतिम विजेत्याला ३२०. म्हणजे विजेता ओळखणं हे पहिल्या फेरीतल्या ३२ सामन्यांच्या बरोबरीचं. आता दहापैकी सात जणांनी एकाच बलाढ्य संघाला विजेता केलं असेल, तर तो जिंकूनही त्या सातांना एकमेकांवर काही आघाडी मिळत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या क्रमांकाचा दावेदार धरणारा एकटा पडतो, बहुतेक वेळा हरतो, पण लागला तर सगळं घेऊन जातो. शंभर जणांच्या पैजेत तर शहाण्यासारखा तक्ता भरणं हाच हरण्याचा खात्रीचा मार्ग. मिसळीची पैज मात्र उलटी आहे: तिथे तळाला जायचं नाही एवढंच, म्हणून तिथे मानांकनाला चिकटून राहावं. संघ तेच, माहिती तीच; गुणांचा नियम बदलला की शहाणपणाचा अंदाजही बदलतो.

चहाच्या टेबलावरच्या राजकीय वादालाही असा एक नियम आहे, फक्त तो कुणी भिंतीवर लावलेला नसतो. ठामपणाला गुण, अनपेक्षित बोलण्याला जास्त गुण, आणि चुकलं तर शून्य वजा, कारण तोवर विषय बदललेला असतो. टीव्हीवरच्या चर्चेतही वेगळं काही नाही. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकापासून सुमारे वीस वर्षं २८४ तज्ज्ञांकडून राजकारण आणि अर्थकारणावरची ८२ हजारांवर भाकितं आकड्यांत लिहून घेतली आणि काय घडतं त्याची वाट पाहिली. २००५ साली निष्कर्ष आले. सरासरी तज्ज्ञ निव्वळ अंदाजपंचेपेक्षा फारसा वरचढ नव्हता. एकाच मोठ्या सिद्धांतात सगळं बसवणारे अधिक चुकले, पाच ठिकाणचं थोडंथोडं जोडणारे, ‘पण’ आणि ‘तरीही’ म्हणणारे बरे ठरले. आणि ज्यांना माध्यमं जास्त बोलावत, त्यांची भाकितं तुलनेने वाईट निघाली. मला यात नवल वाटत नाही. स्टुडिओत ‘साठ टक्के शक्यता आहे’ म्हणणाऱ्याला पुन्हा कोण बोलावेल?

मग प्रामाणिक अंदाजाला गुण देणारा नियम कुठला? तो हवामानशास्त्राने दिला. अमेरिकी हवामान खात्यातल्या ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली एक साधी रीत मांडली. तुम्ही शक्यता टक्क्यांत सांगा, ती दशांशात लिहा. घटना घडली तर १, नाही घडली तर ०. दोन्हीतल्या फरकाचा वर्ग म्हणजे तुमचा दंड. जितका कमी तितकं चांगलं. उद्या पाऊस येणार याची एकाने ९० टक्के शक्यता सांगितली, दुसऱ्याने ६० टक्के. पाऊस आला तर पहिल्याला दंड ०.०१, दुसऱ्याला ०.१६. नाही आला तर पहिल्याला ०.८१, दुसऱ्याला ०.३६. खात्रीने बोलायचं असेल तर बोला, पण किंमत मोजा.

या रीतीची खुबी अशी, की तिला फसवता येत नाही. तुमच्या मनात खरोखर ७० टक्के आहे असं धरा. ७० च सांगितलं तर सरासरी दंड ०.२१ येतो. रुबाबात १०० सांगितलं तर ०.३०. अंग चोरून ५० सांगितलं तर ०.२५. मनात आहे तेच सांगण्यात फायदा, फुशारकीतही नाही आणि मोघमपणातही नाही. हवामान खात्याचा अंदाज चुकला म्हणून आपण दरवर्षी हसतो, पण टक्क्यांत शक्यता सांगून, रोज तपासून, रोज दंड भरून सुधारणारी मंडळी तिथेच आधी तयार झाली. ७० टक्के म्हणून सांगितलेल्या दहा दिवसांपैकी सरासरी तीन दिवस कोरडे गेलेच पाहिजेत. एकही गेला नाही तर अंदाज सांगणारा उगाच घाबरट आहे असं समजायचं.

निवडणुकीत हे आपण विसरतो. २०१६ साली निवडणुकांचे अंदाज बांधणाऱ्या नेट सिल्व्हर यांच्या गणिताने ट्रम्प यांना साधारण २९ टक्के शक्यता दिली होती, आणि निकालानंतर तेही गणित चुकलं म्हणून ओरड झाली. २९ टक्के म्हणजे बाराव्या मानांकनाच्या संघाहून थोडं कमी. त्या संघाचा विजय बघून कुणी बास्केटबॉलचं शास्त्र मोडीत काढत नाही.

न लिहिलेल्या अंदाजाचं पुढे काय होतं, हेही तपासलेलं आहे. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा जेरुसलेममध्ये बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, की दौऱ्यात अमुक घडेल याची शक्यता किती. दौरे झाल्यावर त्यांनाच विचारलं, तुम्ही तेव्हा किती म्हणाला होता ते आठवून सांगा. जे घडलं होतं त्याला आपण मुळात दिली होती त्याहून जास्त शक्यता दिल्याचं बहुतेकांना ‘आठवलं’. ते खोटं बोलत नव्हते. निकाल कळला की आठवण आपोआप त्याच्या बाजूला सरकते.

सांगलीकरांना याचं उदाहरण लांबून आणायला नको. २०२४ च्या लोकसभेला इथून अपक्ष विशाल पाटील एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. दुसऱ्या दिवशी गणपती पेठेपासून मिरजेपर्यंत एकही माणूस असा भेटला नसता, ज्याला हे आधी ठाऊक नव्हतं. त्याच निवडणुकीत देशभरातल्या बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी रालोआला ३५० च्या वर जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. चाचणीवाल्यांचा आकडा छापलेला असतो, त्यामुळे त्यांची फजिती जगजाहीर होते. टेबलावरच्यांची होत नाही. याबाबतीत मी चाचणीवाल्यांच्या बाजूचा आहे.

आणखी एक खोड टेबलाचीच आहे. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ मध्ये प्लिमथच्या जत्रेतला बैल कापून साफ केल्यावर किती भरेल याचे ७८७ अंदाज तपासले. सगळ्यांच्या मधला अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८. खिल्लार पाळणाऱ्या आटपाडी-जतच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही, पण गोम अशी, की त्या लोकांनी अंदाज चिठ्ठीवर वेगवेगळे लिहिले होते. झुरिकमध्ये २०११ साली झालेल्या प्रयोगात लोकांना एकमेकांचे आकडे दाखवले, तर सगळे एकमेकांजवळ सरकले, अचूकता वाढली नाही, आत्मविश्वास मात्र वाढला. चहाच्या टेबलावर पहिला बोलणारा माणूस बाकी नऊ जणांचा अंदाज खाऊन टाकतो. तक्ता आधी भरून मग बोलायला बसलं, तरच दहा डोकी ही दहा राहतात.

आता अलमट्टी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. नंतर पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, तरी वाद मिटला नाही. तो वाद आहे त्या रूपात मिटणारही नाही, कारण ‘अलमट्टीमुळे सांगली बुडते का’ या प्रश्नाला तारीख नाही आणि मोजपट्टीही नाही. टेटलॉक आणि बार्बरा मेलर्स यांच्या गटाने २०११ ते २०१५ या काळात हजारो हौशी लोकांकडून भाकितं करून घेतली, तेव्हा पहिली अट हीच होती: प्रश्न असा हवा की ठरलेल्या दिवशी हो किंवा नाही म्हणता यावं. उदाहरणार्थ, ‘३१ ऑगस्टपर्यंत आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फूट ओलांडेल का?’ सुरुवातीचा आकडा काढायला २००५, २०१९, २०२१ ही तोंडावर असलेली वर्षं पुरत नाहीत. ज्या वर्षी पाणी ४५ च्या खालीच राहिलं आणि म्हणून ती कुणाच्या लक्षात नाहीत, तीही मोजावी लागतात. तक्त्यात मानांकन जे काम करतं, ते इथे हा सुरुवातीचा आकडा करतो. मग जूननंतर कोयना किती भरली, कराडला किती विसर्ग येतोय, हरिपूरच्या संगमावर वारणा किती फुगलीय, अलमट्टीतून पुढे किती सोडतायत, तसा आकडा हलवायचा. त्या हौशी लोकांतले जे सर्वात अचूक निघाले, ते आकडा वारंवार बदलत आणि थोडाथोडा बदलत: १५ वरून २०, २० वरून १८, मग ३०.