वणवा विझवायचा तो जानेवारीतच

मार्च लागला की दरवर्षी व्हॉट्सॲपवर तेच फिरायला लागतं, बांबूवर बांबू घासला आणि जंगल पेटलं. अहो, आपल्या पानझडी रानात वणव्याचं कारण शोधायला गेलं की जवळपास दरवेळी माणूसच सापडतो. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवलेला असतो, विडीसाठी लागणाऱ्या तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं जाळलेली असतात, नाहीतर बांधावरचा काडीकचरा पेटवून माणूस जेवायला घरी गेलेला असतो. म्हणजे आग गावातूनच येते, आणि म्हणून ती थांबवायची तयारीपण गावानंच करायची असते. वन विभागाचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, पण खरं काम त्याच्या आधी जाळरेषांचं.

जाळरेषा म्हणजे रानात काही मीटर रुंदीचा पट्टा, ज्यातलं गवत आणि पाचोळा आधीच काढून किंवा जाळून टाकलेला असतो. एवढ्याशा पट्ट्यानं आग कशी अडते? इथेच खरी मजा आहे.

पान थेट पेटत नाही. आधी त्यातलं पाणी उडतं, मग साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास पानातून ज्वलनशील वायू सुटतात आणि पेटतात ते हे वायू. १ किलो पाण्याची वाफ करायला साधारण २,५०० किलोज्यूल उष्णता लागते आणि १ किलो कोरडा पाचोळा जळला की सुमारे १८,००० किलोज्यूल मिळते. मग ओला पाचोळा का पेटत नाही, हिशेबाने तर उष्णता कितीतरी जास्त आहे! कारण त्यातली बहुतेक उष्णता गरम हवेबरोबर सरळ वर निघून जाते, पुढच्या पानाला मिळतो तो अगदी थोडा वाटा. त्या थोडक्या वाट्यात पुढचं पान वाळून, तापून, पेटलं तर आग पुढे सरकते, नाहीतर तिथेच संपते. पाचोळ्यात त्याच्या कोरड्या वजनाच्या २५-३० टक्क्यांच्या वर पाणी असलं की आग बहुतेकदा धुमसून विझते, आणि एप्रिलच्या दुपारी तेच पाणी १० टक्क्यांच्याही खाली गेलेलं असतं.

आता बाकीचं आपोआप कळतं. सपाटीवर वर जाणारी उष्णता वाया जाते, पण चढावर ज्वाला आणि गरम हवा वरच्या गवताला जाऊन भिडतात, त्यामुळे दर १० अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून डोंगरात जाळरेषा उताराच्या मधोमध काढून उपयोग नाही, ती माथ्यावर हवी, कारण माथा ओलांडला की आगीला उतरावं लागतं आणि तिथे ती मंदावते. रेषा जाळायची तीपण पहाटे, दव असताना, वारा पडलेला असताना, दोन्ही कडांना माणसं हिरव्या फांद्या घेऊन उभी करून. दुपारी जाळायला घेतली तर ती रेषा राहत नाही, तिचाच वणवा होतो.

सॅटेलाइटचं कौतुक मलाही आहे, भारतीय वन सर्वेक्षणाचा अलर्ट मोबाइलवर येतो ही मोठीच सोय. पण तो सॅटेलाइट वरून जाईल तेव्हाच बघणार, त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३७५ मीटरचा चौकोन, आणि आग विझवायला शेवटी ब्लोअर (पाचोळा उडवायचं यंत्र) आणि फांद्या घेतलेली माणसंच लागतात. ती जवळच्या गावातलीच असतात. ड्रोन आला आता वणवे बंद, असं छापणाऱ्यांनी एकदा एप्रिलमध्ये रानात जाऊन यावं.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल सांभाळायचा आणि त्यातलं उत्पन्न घ्यायचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यापायी झाडं छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा, तो सोडणं सोपं नाही. पण त्यांनी बांबूच्या विक्रीवर भर दिला, आणि बांबूचे कोवळे कोंब आगीत टिकत नाहीत, म्हणजे आग न लागण्यातच आता गावाची कमाई. जंगल सरकारचं असेल तर वणवा बघून माणूस पुढे जातो, स्वतःचं असेल तर फांदी तोडून धावतो.

मोहाचंही तसंच, पाचोळा झाडून बाजूला केला किंवा खाली जाळी अंथरली तर फुलं स्वच्छ मिळतात, काडी लावायची गरजच नाही.

आणि सह्याद्रीकडे जे म्हणतात ना, डोंगर जाळला की गवत जोमानं येतं, राख म्हणजे खत, तेही अर्धंच खरं. राखेत पोटॅश, चुना असतो हे बरोबर, पण पाल्यातला बराचसा नायट्रोजन धुरातून हवेत जातो आणि उघड्या उतारावरची राख पहिल्याच वळवाच्या सरीत वरच्या मातीसकट ओढ्याला लागते. हिरवं लवकर दिसतं कारण वरचं वाळलेलं गवत गेलेलं असतं, तेच गवत आधी कापून वैरणीला नेलं असतं तर कोंब तितकेच उघडे दिसले असते आणि डोंगरावर जाळायला काही उरलंही नसतं.